नऊ जण आणि एझ्रा

एझ्रा,

तुला मातीत ठेवून आले आणि दोन दिवसांनी कागद पुढ्यात घेतला. सवयीनं वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हिंगोलीकरांनो, विचार करा!’ आणि पुढे कितीतरी दिवस काही सुचेना. तुला ठाऊक आहे, आमच्या घरी लिहिण्याची एकच रीत. हिंगोलीजवळच्या गोरेगावात बाबांचं छोटं छापखान्याचं मशीन होतं, आणि त्यावर लग्नपत्रिकांपेक्षा पत्रकंच जास्त निघायची. मी अक्षरं शिकले तीसुद्धा ओल्या शाईच्या पत्रकांवरून. आधी अन्याय सांगायचा, मग दोषी कोण ते सांगायचं, मग मागण्या, आणि सगळ्यात खाली आपलं नाव, न घाबरता. दुसरं काही लिहायला मला कुणी शिकवलंच नाही.

म्हणून मी दोषी शोधायला बसले.

सकाळची वेळ होती. तू कॉलेजच्या कोर्टवर मुलींना शिकवत होतास. निकिताला पास दिलास, दोन पावलं मागे आलास आणि खाली बसलास. मग आडवा झालास. मुली हसल्या. धक्का लागल्याचं नाटक करून पंचाला फसवायचं नाही, हे तू त्यांना पडून पडूनच शिकवायचास. निकिता म्हणाली, “उठा ना सर, फाऊल दिला तुमाला.” तू उठला नाहीस.

रुग्णवाहिका लवकर आली. मी विचारून घेतलं, खरंच लवकर आली. डॉक्टर जागेवर होते. मशीन चालू होतं, लाईट होती, ऑक्सिजन होता. आणि ड्यूटीवर तुझी आई होती. रिबेकामावशींनी स्वतः तुझी छाती दाबली, दुसऱ्या सिस्टरनं त्यांना धरून बाजूला करेपर्यंत. नंतर डॉक्टर मला म्हणाले, हृदयाचा स्नायू जन्मापासूनच जाड असावा, बाहेरून कळत नाही, धावणाऱ्या-खेळणाऱ्या पोरांत कधी कधी असं होतं. मी म्हटलं, “कुणाला तरी कळायला पाहिजे होतं.” ते म्हणाले, “हो, पाहिजे होतं,” आणि चष्मा काढून पुसत राहिले.

सगळं बराबर होतं, एझ्रा. सगळ्यांनी आपापलं काम केलं. आता मी कुणाविरुद्ध लिहू?

आपली ओळखही पत्रकानंच झाली. ‘मुलींना मैदान का नाही?’ असं मी छापून आणलं होतं आणि कॉलेजच्या गेटवर वाटत होते. मुलं घ्यायची, घडी करून मागच्या खिशात कोंबायची. तू एवढा उंच की तुझ्या हातात देताना मला हात वर करावा लागला. तू तिथंच उभं राहून सगळं वाचलंस, पुढूनही, मागूनही. मागची बाजू कोरी होती. मग म्हणालास, “चौथी मागणी बराबर हाय. पण रिंगला जाळी बी मागायची ना. जाळी नसली तर बॉल गेला का न्हाई तेच कळत न्हाई.”

मी म्हटलं, “आधी मैदान तर मिळू दे.”

“मैदान मिळंल. मग शिकवणार कोण? तू?”

मला बास्केटबॉलमधलं काही येत नव्हतं. मी फक्त मागणी केली होती.

मैदान मिळालं, सकाळचं, आणि तू आलास. कुणी बोलावलं नव्हतं. एक जुना चेंडू आणि गळ्यात शिट्टी. पहिल्याच दिवशी मी चेंडू पोटाशी धरून उभी राहिले, तर केवढ्यांदा ओरडलास. “ए पत्रकवाली! धरून काय उभी राहून राहिली? समोर अडवायला कोणी उभं असलं की बॉल नुसता धरायचा न्हाई. नियम हाय. पास दे, टप्पा दे, न्हाईतर फेक! काहीतरी कर!” तेव्हापासून मी सगळ्यांसाठी पत्रकवालीच झाले. करुणा हे माझं नाव हजेरीपुरतं उरलं.

तुझं खेळणं मी पुष्कळ पाहिलं, पण सुरुवातीची गोष्ट तू सांगितलीस तशीच मला माहीत आहे. तुझे वडील पाटबंधारे खात्यात. कोकणातून बदलीवर सिद्धेश्वरच्या धरणावर आले आणि परत गेलेच नाहीत. वसाहतीतल्या पोरांना क्रिकेट आणि कबड्डी सोडून काही माहीत नव्हतं. तुझ्या वडिलांनी रंगाच्या मोठ्या डब्याची कडी काढून गोदामाच्या भिंतीवर ठोकली आणि तुला सांगितलं, “यात टाक.” ती कडी खऱ्या रिंगपेक्षा लहान होती. ती गोष्ट तुला कॉलेजात आल्यावर कळली. खरी रिंग पाहून तू हसला होतास म्हणे. “येवढी मोठी? हिच्यात तर बकरी बी जाईल.”

म्हणूनच तुझा नेम तसा होता. नांदेडला, परभणीला आपलं कॉलेज खेळायला गेलं की समोरचे विचारायचे, हिंगोलीत बास्केटबॉल असतो का? आणि तुझं नाव ऐकलं की दुसरा प्रश्न. मुसलमान का? नाही. ख्रिश्चन? नाही. ज्यू. म्हणजे जैन? एकदा वसमतच्या एका पंचानं तुला सगळ्यांसमोर विचारलं होतं, “म्हणजे नेमकं काय असतं रे ते?” तू म्हणालास, “सर, आमी कोकणात तेलाचा घाणा चालवायचो आन् शनिवारी बंद ठेवायचो. एवढंच. आता घाणा बी न्हाई.” ते म्हणाले, “मग आज शनिवारच आहे की.” तू म्हणालास, “आईला सांगू नका.”

मावशींना माहीत होतंच. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागायच्या आत घरी यायचं, एवढं एकच त्यांनी तुझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. शनिवारच्या मॅचबद्दल त्या कुरकुरायच्या आणि मग स्वतःच म्हणायच्या, “खेळ म्हणजे काही काम नव्हे.” तू कॉलेजच्या संघात आलास तेव्हा त्यांनी मलिदा केला होता. एलियाहू नबीच्या नावानं पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. भलंमोठं ताट घेऊन त्या मैदानावर आल्या. आपल्या कुरुंद्याच्या गजानननं तिसऱ्यांदा पान पुढे केलं आणि विचारलं, “मावशी, हा देव हरलो तरी पावतो का?” मावशी म्हणाल्या, “अरे, हरलेल्यांनाच तर लागतो देव.” मी देव मानत नाही. तो मलिदा मात्र मी दोनदा घेतला.

विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी नांदेडला होती. तुझं शेवटचं वर्ष. सगळे म्हणत होते, तुझं नाव पक्कं आहे, चाचणी नुसती दाखवायला. मुलींचीही त्याच दिवशी होती, म्हणून आपण एकाच एसटीत होतो. औंढा मागे पडलं तेव्हा तुला फोन आला. तू नुसता “व्हय मामा, व्हय” म्हणत राहिलास. वसमतच्या स्टँडवर गाडी थांबली आणि तू बॅग काढलीस.

“काहून उतरून राहिला?”

“परभणीला जावं लागते. एक काका वारले आमचे.”

“कोण काका?”

“मला बी फार माहीत न्हाईत. रेल्वेत होते. एकटेच राहायचे. मामा म्हणून राहिले, नऊ जण जमले. मी गेलो की दहा होतेत.”

तोवर मला तुमचा तो नियम माहीत नव्हता. तिथंच, गाडीच्या दारात, कंडक्टर ओरडत असताना तू सांगितलास. मेलेल्या माणसासाठी एक प्रार्थना असते, कद्दीश. तिच्यात मरणाचा एक शब्द नाही. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. दहा माणसं लागतात. नऊ असली तरी नाही.

मी म्हणाले, “आणि तुझी चाचणी? दोन वर्षं कशासाठी घासलंस?”

तू म्हणालास, “तिथं मी न्हाई गेलो तरी बारा पोरं निवडतेत. इथं मी न्हाई गेलो तर काहीच होत न्हाई. इथं बदली खेळाडू नसतो बाई.”

“हा कसला देव? नऊ माणसं रडताहेत, तरी याचं भागत नाही?”

“तू चार जणांत मॅच खेळतेस का? आमच्या देवाला पुरी मॅच लागते. पाच इकडं, पाच तिकडं.”

हसत होतास. उतरलास आणि समोर लागलेल्या परभणीच्या गाडीकडे पळत गेलास. तुझं पळणं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण ते कोर्टवर पळतोस तसंच होतं.

विद्यापीठाचा संघ जाहीर झाला. तुझं नाव नव्हतं. कुणाचं चुकलं होतं? हजर नव्हता, निवडला नाही. तुझी खेळाडू म्हणून जी काही कारकीर्द म्हणायची ती वसमतच्या स्टँडवर संपली. मी निवड समितीविरुद्ध पत्रक लिहिलं, दुःखद प्रसंगी गैरहजर राहिलेल्या खेळाडूची फेरचाचणी घ्यावी म्हणून. तू ते वाचलंस, पुढून, मागून, आणि परत दिलंस. “छान लिहिलं. पण वाटू नको. मला कोणी काढलं न्हाई. मीच उतरलो.”

मी बरेच दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. मग एका सकाळी, मुली यायच्या आधी, तू फ्री थ्रो टाकत होतास आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागलास. तुझे बाबा गेले तेव्हा तू चौदा वर्षांचा. त्यांना इथंच, गावाबाहेरच्या ख्रिस्ती दफनभूमीच्या कोपऱ्यात मागून घेतलेल्या जागेत ठेवायचं ठरलं. ठाण्याहून, इकडून तिकडून माणसं आली. नऊ झाली. सगळे एकमेकांकडे बघत होते. मग मामांनी विचारलं, पोरगं तेरा पूर्ण झालं ना? मग धरा त्याला.

“मी रडून राहिलो होतो. शेंबूड पुसायची शुद्ध नव्हती. आन् तेवढ्यात मला मोजलं. मी दहावा झालो, म्हणून बाबासाठी म्हणता आलं. तवापासून मला वाटते, कुठं नऊ झाले आन् मी हाय, तर मी बसून कसा राहू?” चेंडू टाकलास. गेला. “नियमासाठी न्हाई गेलो मी. नियम तर मी शनिवारी बी मोडतो. तो म्हातारा होता ना. त्याचं कोण म्हणणार?”

मला तुझं सगळं कळलं, आणि तरी मी तुझ्याशी भांडले. मी विचारलं, “तुझ्या बाबांच्या वेळी मावशी कुठं होत्या?”

“तिथंच. बाजूला.”

“मग दहा आधीच झाले होते.”

तू चेंडू टाकता टाकता थांबलास. “बाया धरत न्हाईत.”

“का?”

“न्हाई धरत.”

“का पण? चौदा वर्षांचं पोरगं चालतं आणि ज्या बाईचा नवरा गेला ती चालत नाही? आमच्या बाबांनी असलं काही छापलं असतं तर मी मशीन बंद पाडलं असतं.”

तू चेंडू जमिनीवर आपटत म्हणालास, “तुझं बराबर हाय.” आणि मग, “पण मी एकटा काय करू? हे काय कॉलेज हाय का, तुझ्यावानी गेटवर उभं राहून मागायला? मामाला विचारतो.” मुली आल्या. तू शिट्टी वाजवलीस. पुढं कितीतरी वेळा मी टोचलं, मामांना विचारलंस का? तू म्हणायचास, बोलू, बोलू. हे आपलं भांडण तिथंच राहिलं.

दुसरंही एक राहिलं. तिकडच्या युद्धाविरुद्ध आम्ही काही जणांनी पत्रक काढलं होतं. गावातले लोक तेव्हा तुला चहाच्या टपरीवर अडवून विचारायचे, काय चाललंय तुमच्या तिकडं, जणू तू हिंगोलीचा नाहीसच. मसुदा तुला दाखवला. तू एका शब्दावर बोट ठेवलंस. जिथं ‘सरकार’ म्हणायचं होतं तिथं आमच्यातल्या कुणीतरी ‘यहुदी’ लिहिलं होतं. “बाकी लिही. जोरात लिही. मेलेल्या लेकरांचं लिही. पण हे वाचून लोक आईच्या दारात येतेत. मला विचारलं तर चालते, मी उंच हाय.” तो शब्द मी काढला. तुझं स्वतःचं मत काय, ते मात्र तू पूर्ण सांगितलं नाहीस. म्हणालास, तिकडं आईच्या बहिणीची पोरं राहतेत, आन् टीव्हीवर मेलेली पोरं दिसतेत, रात्री दोन्ही डोळ्यांपुढं येतेत. मी म्हटलं, हे काही मत झालं नाही. तू म्हणालास, व्हय, मत न्हाईच हाय. मी त्यावर चिडले होते. आज तुझ्यावर लिहिताना माझ्याकडेही काहीच मत नाही, एझ्रा.

तू गुरुवारी सकाळी गेलास. मावशींनी तुला कुठं न्यायचं नाही असं सांगितलं. “त्याचे बाबा इथं आहेत. तो इथंच.” मामांना फोन गेला. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळं व्हायला हवं होतं, मग तुमचा शनिवार लागतो. एवढ्यात एवढ्या लांबून कोण कोण पोचणार? रात्रभर गाडी चालवून ठाण्याहून आले, संभाजीनगरहून आले. थकलेले, चुरगळलेल्या कपड्यांतले लोक. बरेचसे तुला लहानपणी भेटलेले. त्यांच्यातला एक म्हातारा गाडीतून उतरला आणि सरळ मावशींना म्हणाला, “परभणीला माझ्या भावाच्या वेळी हाच आला होता गं.”

खड्डा आपल्या पोरांनी खणला. गजानन कुणाला कुदळ देईना. त्याचे तळहात फुटले. पोरांनी तुझी जर्सी आणली होती, धुऊन, इस्त्री करून. तुझ्याजवळ ठेवायची म्हणून. मामा म्हणाले, “नाही रे बाळांनो. पांढरं कापड, बाकी काही नाही. गरीब असो, श्रीमंत असो, सगळ्यांना एकच.” पोरं हिरमुसली. मला ते पटलं. वेगळ्या दिवशी हे वाक्य मी छापलं असतं.

आणि मग मामा मोजायला लागले. बोट दाखवून नाही, नुसत्या डोळ्यांनी. मी त्यांच्या डोळ्यांबरोबर मोजत गेले. परत मोजलं. नऊ.

मामा बाजूला जाऊन फोन लावत होते. “नांदेडला कुणी आहे का? जालन्याला? अरे, कुणीही.” ऊन बाभळींच्या मागे उतरत होतं. मी आयुष्यात सूर्याकडे इतक्या रागानं कधी पाहिलं नव्हतं.

गजानन पुढं झाला. “मामा, मला धरा ना. मी त्याच्यासंगं शाळेपासून खेळलो.”

“बाळा, तसं नाही चालत.”

“मी लागंल ते म्हणतो. तुमी सांगा, मी तुमच्या मागं म्हणतो.”

मामांनी त्याच्या फुटलेल्या हातांवर हात ठेवले.

तेव्हा मी बोलले. ठरवून नाही. मी म्हणाले, “मामा, दहाव्या मावशी आहेत.”

मावशी तुझ्या उशाशी उभ्या होत्या, त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं मामा रागावतील. मी तयार होते. माझ्याकडे सगळी वाक्यं होती, वर्षानुवर्षं घोटलेली. मामा म्हणाले, “तू करुणा का?”

“हो.”

“त्यानं मला विचारलं होतं. फोनवर. आईला का मोजत नाही म्हणून. तुझं नाव सांगून म्हणाला, मामा, मला तिला उत्तर द्यायचंय. मी म्हणालो, भेटशील तेव्हा निवांत बोलू.”

तू विचारलं होतंस. मला सांगितलं नाहीस, उत्तर हातात आल्यावर सांगणार होतास. आणि उत्तर देणारा माझ्यासमोर उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. अशा माणसाला काय ऐकवायचं? माझी सगळी वाक्यं बरोबर होती, आणि त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

मामा मावशींकडे वळले. “आक्का, मला एकट्याला नाही गं ठरवता येत. ठाण्याला गेलो की दहा जमवून म्हणतो. पहिल्याच दिवशी म्हणतो.”

मावशी मला म्हणाल्या, “करुणा, राहू दे. आज नको भांडू.”

मी राहू दिलं. बरोबर केलं का, अजून माहीत नाही. तू असतास तर मी तुला विचारलं असतं आणि तू म्हणाला असतास, तुझं बराबर हाय, पण. त्या ‘पण’साठी मी आत्ता काय देऊ आणि कुणाला देऊ?

जी म्हणता येत होती ती सगळी प्रार्थना झाली. कद्दीश झाली नाही. दुसऱ्यांसाठी गाडीतून उतरणारा तू, तुझ्यासाठी एक माणूस कमी पडला. माती टाकली. पुरुष नळावर हात धुवायला गेले. मावशी मागे राहिल्या आणि खाली बघून हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. ती प्रार्थना होती, की तुला काही सांगत होत्या, मला ऐकू आलं नाही. मी विचारणार नाही. तूही नसतं विचारलंस.

तुझे आभार मानायचे राहिले आहेत. नुसती मागणी करून भागत नाही, नंतर कुणीतरी रोज सकाळी उठून चेंडू घेऊन यावं लागतं, हे मी तुझ्याकडून शिकले. पत्रकाची मागची बाजू वाचणारा तू एकटाच भेटलास, ती कोरी असतानाही. तुला हे तोंडावर सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, आता रडून राहिली का? चल, पाच चकरा मार.

मावशींचे दुखवट्यात जमिनीवर बसायचे सात दिवस संपले आणि त्या परत ड्यूटीवर जायला लागल्या. काल सकाळी पहिल्यांदाच मुली कोर्टवर आल्या. मी बोलावलं नव्हतं, निकितानं सगळ्यांना फोन केले. आल्या आणि उभ्या राहिल्या. मला सोडून नऊ होत्या. पूर्वी नऊ झाल्या की तू म्हणायचास, “मला धरा,” आणि उजवा हात पाठीमागे घेऊन नुसत्या डाव्या हातानं खेळायचास, आणि तरी तुझी बाजू जिंकायची. काल नऊच्या नऊ जणी गेटकडे बघत होत्या.

गेटमधून मावशी आल्या. रात्रीची ड्यूटी उतरून सरळ, पांढऱ्या गणवेशात. तुझी शिट्टी माझ्या हातात दिली. धुऊन रुमालात गुंडाळून आणली होती. “तुझ्याकडे असू दे,” म्हणाल्या आणि जायला वळल्या.

निकिता म्हणाली, “मावशी, शिट्टी पत्रकवाली वाजवंल, पण एक जण कमी हाय. तुमी उभ्या राहता का?”

मी तिला गप्प करणार होते. मावशींनी रिंगकडे पाहिलं. जाळीकडे पाहिलं, ती तूच बांधलेली आहे. मग पर्स खांबाजवळ ठेवली आणि विचारलं, “कुठं उभी राहू?”

“इथं. रिंगखाली. सर इथंच राहायचे.”

मी मोजलं. मोठ्यानं, बोट दाखवून, मावशींपासून सुरुवात करून. दहा.

शिट्टी वाजवली. निकितानं पहिला पास मावशींना दिला. त्यांनी चेंडू दोन्ही हातांनी झेलला आणि पोटाशी धरला. समोरची पोरगी, तू शिकवलंस तशी, दोन्ही हात वर करून अडवायला उभी राहिली. मावशी चेंडू धरून उभ्या होत्या. पास देईनात, टप्पा देईनात, टाकेनात. कुणी “मावशी, इकडं” असं ओरडलं नाही. अडवणाऱ्या पोरीचे हात हळूहळू खाली आले.

नियम मला पाठ आहे, एझ्रा. शिट्टी माझ्या ओठांत होती. मी वाजवली नाही.